सुटलेलं चालणं

लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर खतीजाची आपल्या नवऱ्याशी ओळख झाली, आणि तीही भर रस्त्यात.

त्याआधीचा संसार म्हणजे रऊफ कुवेतला आणि ती महाडला. तो तिथं बंदरावर क्रेन चालवायचा. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचा, तेव्हा घर पै-पाहुण्यांनी भरलेलं. कोणी अत्तराची बाटली न्यायला आलेलं, कोणी व्हिसाची चौकशी करायला. नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला सवड मिळेपर्यंत परतीचा दिवस उजाडायचा. लेक अलीशबा मोठी झाली, लग्न होऊन पोलादपूरला गेली, सासू-सासरे मातीआड झाले, घरावर दुसरा मजला चढला, हे सगळं खतीजानं एकटीनं निभावलं. मग रऊफ कायमचा घरी आला. येताना दोन भल्यामोठ्या बॅगा आणि अंगात मुरलेली शुगर घेऊन आला.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "निम्मं औषध माझ्याकडे, निम्मं तुमच्या पायांत. रोज सकाळी चाला."

रऊफला एकट्यानं चालायचा कंटाळा. पहिले दोन दिवस त्यानं टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज उरकली तशी खतीजानं बुरखा चढवला, पायात चपला सरकवल्या आणि दारात उभी राहिली. "चला. बघू कसे येत नाय ते."

तेव्हापासून दोघांचं ठरून गेलं. मोहल्ल्यातून निघायचं, बाजारपेठेतली बंद दुकानं मागे टाकत दादलीच्या पुलावर जायचं, सावित्री नदीकडे बघत जरा टेकायचं आणि परत. येता-जाता रऊफ बोलायचा. क्रेनच्या टोकावरून जहाजं कशी काड्यापेटीएवढी दिसायची, त्याच्याच खोलीत राहणारा दासगावचा मुसैब आपल्या मावशीच्या आठवणीनं मासळीचं कालवण करायला घ्यायचा आणि दर वेळी कसा करपवायचा. खतीजाही बोलायची. अलीशबाला टायफॉइड झाला तेव्हा तिनं काय केलं, पहिल्या पुरात धान्य कसं वर चढवलं. त्यातलं निम्मं रऊफला माहीतच नव्हतं. "हे मला फोनवर कधी सांगितलं नायस," तो म्हणायचा. "सांगून तुमी काय क्रेननं उचलणार होता?" असं म्हणून ती हसायची. मोहल्ल्यातले लोक चिडवायचे, "रऊफभाय, निकाह आत्ता झाला काय?" शेजारचे शरच्चंद्र सर, हायस्कूलातून निवृत्त झालेले, पुलावर भेटायचे, सोबत त्यांच्या पत्नी सुनीतीताई. चौघांत चार गप्पा व्हायच्या. रऊफची शुगर खाली आली. डॉक्टरांनी एक गोळी कमीसुद्धा केली.

आणि मग कोरोना आला.

सुरुवातीला कोणाचं काही वेगळं नव्हतं. सगळं गाव घरात, रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या. पण मे महिन्यात कुवेतहून फोन आला. मुसैब गेला. खोकला म्हणून दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. खांदा द्यायला ओळखीचं एक माणूस नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतल्या, तोंड न दिसणाऱ्या माणसांनी त्याला पुरलं. कोणीतरी लांबून काढलेला व्हिडिओ रऊफच्या मोबाइलवर आला. एकाच खोलीत वीस वर्षं काढलेली माणसं ती. रऊफनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, मग मोबाइल उशीखाली ठेवला आणि वरच्या खोलीत जाऊन पडला.

दुःख आहे, उतरेल, असं खतीजाला वाटलं.

दुःख उतरलं की नाही कोण जाणे, रऊफ मात्र खाली उतरला नाही. दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची, वर्तमानपत्र बंद, दाराची कडी फडक्यानं पुसायची. हे सगळेच करत होते, खतीजानंही केलं. पण पावसाळा सरला, दुकानं उघडली, लोक मास्क लावून का होईना हिंडाफिरायला लागले, शरच्चंद्र सर आणि सुनीतीताई पुन्हा पुलाकडे जायला लागले, तरी रऊफ खिडकीतून बघत बसलेला.

"आवो, आता तरी चला. रस्त्यावर कुत्रं नसतं त्या टायमाला."

"नको गो. चालताना माणूस दुप्पट हवा ओढतो. मोबाइलवर डॉक्टर सांगत होता."

"मग मास्क लावा."

"मास्क लावून दम लागतो. दम लागला की मास्क खाली येतो. मास्क खाली आला की संपलं."

म्हणजे मास्क लावून चालता येत नाही आणि मास्कशिवाय चालायचं नाही. खतीजानं कपाळावर हात मारला. बरं, गच्चीवर चला, म्हटलं. तर सरांच्या अंगणातून वारा इकडेच येतो. बरं, घरात चला, म्हटलं; तर दोन दिवस पडवीपासून मोरीपर्यंत फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी, "डोकं फिरतं गो, पिंजऱ्यातल्या जनावरासारखं वाटतं." पोलादपूरहून अलीशबानं व्हिडिओ कॉल लावून बापाला हातपाय हलवायला लावले. "अब्बा, हात वर. आता खाली. आता जागच्या जागी पाय उचला." रऊफनं लेकीसमोर केलं सगळं. कॉल बंद झाला तसा खुर्चीत बसला आणि बिस्किटांचा डबा ओढला. घरात बसलेल्या माणसाला भूक फार. खतीजानं डबा लपवला तर त्यानं शोधून काढला. डबा शोधण्यापुरते पाय बरोबर चालायचे.

शेवटी तिनं ठरवलं, तुमी बसा, मी चालते. तिलाही बीपी होतं, डॉक्टरांनी तिलाही चालायला सांगितलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. चार भिंतींत तिचा जीव गुदमरत होता. सगळं आयुष्य नवऱ्याची वाट बघत घरात काढलं, आता नवरा घरात आहे आणि तरी आपण घरातच, या विचारानं ती आतल्या आत धुमसत होती.

तिच्या चालण्याची रऊफनं शिक्षाच करून टाकली. आली की पुढच्या दारानं यायचं नाही. मागल्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला आंघोळ, कपडे तिथंच भिजवायचे, मग घरात. तेही तिनं केलं. थंडीच्या दिवसांत, गार पाण्यानं, दात वाजवत. वरच्या खिडकीतून तो विचारायचा, "कोणाशी बोललीस? किती लांबून?" आणि ती खालून ओरडायची, "सावित्रीशी बोलले! तिला नाय झालाय कोरोना!"

मग एके दिवशी शरच्चंद्र सरांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. फार काही नव्हतं, ताप आणि घसा. पण आदल्या दिवशी सकाळी पुलावर खतीजा सुनीतीताईंशी उभी राहून बोलली होती, आणि रऊफला ते ठाऊक होतं, कारण तिनंच हसत हसत सांगितलं होतं. ही बातमी मोहल्ल्यात पसरली तेव्हा ती चालायला गेली होती. परत आली तर मागल्या दाराला आतून कडी. पुढच्या दारालाही कडी.

तिला आधी वाटलं, चुकून लागली असेल. तिनं हाक मारली. वरची खिडकी उघडली.

"खतीजा, रागावू नको," रऊफ म्हणाला. त्यानं तोंडावर दोन मास्क बांधले होते, खिडकीत, वरच्या मजल्यावर. "चौदा दिवस तुडीलला जाऊन र्‍हा. भावाकडं. चौदा दिवसांनी ये. तुजे कपडे पिशवीत घालून पायरीवर ठेवलेत."

पायरीवर खरंच पिशवी होती. नीट घड्या घातलेले कपडे, बीपीच्या गोळ्या, वर प्लास्टिकच्या पुडीत थोडे पैसे. खतीजा त्या पिशवीकडे बघत राहिली. या घराची कौलं काढून तिनं स्लॅब घातला होता. सिमेंट कमी पडलं तेव्हा स्वतः उभं राहून मिस्त्रीला झापलं होतं. ज्या दारात ती दोन दोन वर्षं नवऱ्याची वाट बघत उभी राहिली, ते दार आज त्यानं तिच्यावर लावलं होतं.

"मला काय झालंय?" ती ओरडली. "बघा, खोकतेय मी? शिंकतेय?"

"आत्ता नाय दिसत. चार दिवसांनी दिसतं."

"आणि मला झालाच तर भावाला झालेला चालेल तुमाला?"

रऊफ खिडकीतून बाजूला झाला. शेजारपाजारची दारं हळूच किलकिली झाली होती. खतीजानं पिशवी उचलली आणि चालू लागली. दादलीच्या पुलापलीकडे खाडीपट्ट्यात, तुडीलकडे जाणारी एक रिक्षा मिळाली.

तुडीलला तिनं भावाच्या घरात पाय ठेवला नाही. वाडीतल्या मोकळ्या पडवीत बाज टाकून राहिली. भावजय आलिमा लांब ताट ठेवून जायची आणि तिथूनच बोलायची. "रऊफभाईंना येड लागलंय काय गो?"

"येड लागलं असतं तर औषध दिलं असतं."

चौदा दिवस झाले. ताप आला नाही की खोकला. रोज संध्याकाळी रऊफचा फोन यायचा. तब्येतीची चौकशी कमी आणि मीठ कुठं आहे, तांदळाला पाणी किती, हेच जास्त. पंधराव्या दिवशी तो म्हणाला, "ये आता." खतीजा म्हणाली, "न्यायला या." पलीकडून उत्तर आलं, "रिक्षात किती माणसं बसून गेलेली असतात, तुला म्हाईत हाय काय?" तिनं फोन ठेवला.

ती हटून बसली. तो न्यायला येईल असं तिला खरंच वाटत होतं. बायकोसाठी माणूस एवढंही करणार नाही? एक आठवडा गेला, दुसरा गेला. आलिमानं घरात घेतलं, पोरीबाळींत दिवस जायचा, सकाळी नदीकाठानं ती मैलभर चालून यायची, पण डोळे रस्त्याकडे. शेवटी अलीशबाचा फोन आला. "अम्मी, अब्बा फोनवर कायतरी वेगळंच बोलतायत. जीभ जड वाटते. तू घरी जा."

खतीजा गेली. हरून गेली, तिच्या मनानं तसंच धरलं. दार या वेळी उघडं होतं. ओट्यावर खारी-बिस्किटांची रिकामी पाकिटं, पातेल्यात चिकटलेला भात. रऊफची शुगर इतकी चढली होती की डॉक्टर फोनवरच ओरडले आणि गोळ्यांवर इंजेक्शन आलं. तो पलंगावर बसला होता. लुंगीतून दिसणाऱ्या पोटऱ्यांकडे तिचं लक्ष गेलं. कुवेतच्या क्रेनच्या शिडीवर दिवसातून कितीदा चढ-उतार केलेल्या त्या पोटऱ्या. आता त्यांत नुसती कातडी लोंबत होती.

"तू बाहेर जाऊ नको," तो म्हणाला. "मग मी घरात चालतो. रोज. आईशप्पथ."

तिनं मान्य केलं. करणार काय? तिचं चालणं बंद झालं. त्याचं सुरू झालं नाही. आठ-दहा दिवस मोरीपर्यंत फेऱ्या, मग आज पाय दुखतात, आज झोप नीट नाही झाली. दोघांनी मिळून आता काहीच करायचं नाही, असा तो सौदा ठरला.

नव्या वर्षी लस आली. रऊफ दोन मास्क, वर प्लास्टिकची ढाल आणि हातमोजे घालून रिक्षातून गेला, टोचून आला. "आता चला," खतीजा म्हणाली. "दुसरा डोस होव दे." दुसरी लाट आली, मोहल्ल्यातून चार-पाच जनाजे गेले, तेव्हा तिनं चालण्याचं नाव काढलं नाही, त्या दिवसांत तीही घाबरली होती. दुसरा डोस झाला. "चला." "त्याला चौदा दिवस लागतात गो अंगात भिनायला." चौदा दिवस झाले आणि पाऊस लागला. "आता शेवाळावरनं पाय घसरतो." तिनं हात टेकले.

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, सावित्रीचं पाणी मोहल्ल्यात शिरलं. महाडला पुराचं नवल नाही. माणसं टीव्ही-फ्रीज वर चढवतात, पाणी येतं, चिखल ठेवून जातं. पण हे पाणी वेगळं होतं. बघता बघता ओटा बुडाला, मग मोरीची खिडकी. शरच्चंद्र सरांचं घर बैठं. खतीजानं जिन्यातून पाहिलं तर सर आणि सुनीतीताई कमरेएवढ्या पाण्यात भिंतीला धरून उभे.

"सर, इकडं या! वर या!"

सरांच्या मागून आणखी माणसं आली. भाजीवाली बनुबाई, तिची सून, कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याचं सगळं कुटुंब. खतीजा जिन्याच्या खालच्या पायरीवर पाण्यात उभी राहून एकेकाला हात देत होती. आणि तिला दिसलं, तिच्यावरच्या पायरीवर रऊफ उभा होता. मास्क नाही, ढाल नाही. तिच्या हातातून माणूस घ्यायचा आणि वर ढकलायचा. सुनीतीताईंना त्यानं दंडाला धरून वर काढलं. सरांना ओढताना मात्र तो अचानक खाली बसला. पायरीवरच, भिंतीला टेकून. सरांना वाटलं, घाबरला. ते म्हणाले, "रऊफभाई, घाबरू नका, आम्ही आहोत." खतीजानं बघितलं की त्याचे दोन्ही गुडघे लटलट कापत होते. पण तेव्हा बघून विचार करायला वेळ नव्हता.

दिवसभर आणि पुढची रात्र वरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसून राहिली. ज्या खोलीत वर्षभर खतीजाशिवाय कोणाचा श्वास शिरला नव्हता, तिथं ओल्या कपड्यांचा, घामाचा, चिखलाचा वास. बनुबाई खोकत होती. पिण्याच्या पाण्याचा एकच हंडा वर चढवलेला, त्यातून एकच पेला फिरत होता. स्टोव्हवर खतीजानं खिचडी टाकली. सर आणि ताईंसाठी आधी वेगळी काढून ठेवली, ईदच्या मटणाचं पातेलं नंतर उघडलं. रऊफ सगळ्यांच्या मधे बसून पोरांना कुवेतच्या वादळाची गोष्ट सांगत होता. पेला त्याच्याकडे आला, तो बनुबाईनं तोंड लावलेला, आणि त्यानं गटागट पाणी पिऊन पुढं दिला.

बाकीची माणसं त्या माणसाच्या दिलदारीनं भारावली. खतीजा मात्र हातात पळी धरून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: म्हणजे माणसांत बसायला येत होतं तर याला. मग मला का दाराबाहेर काढलं?

पाणी उतरलं. खालच्या मजल्यात गुडघाभर चिखल, फुगलेली कपाटं, उलटा पडलेला फ्रीज. रस्ते थोडे सुरू झाल्यावर पोलादपूरहून अलीशबा आली. त्यांच्याकडेही दरडी कोसळल्या होत्या, कशीबशी आली होती. सगळा मोहल्ला फावडी घेऊन राबत होता. सत्तरीचे शरच्चंद्र सरसुद्धा घमेलं उचलत होते. रऊफ जिन्यावर खुर्ची टाकून बसला होता आणि वरून सांगत होता, "ते कपाट उचलू नका, आधी खालनं चिखल काढा."

खतीजानं घमेलं खाली ठेवलं. "उतरा खाली."

"काय?"

"उतरा. हात लावा. कोरोनाची भीती गेली ना तुमची? सगळ्या गावाचा उष्टा पेला प्यालात!"

"चिखलातनं लेप्टोचा ताप येतो गो. कालच फवारणीवाले सांगून गेले..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. बाजूला पडलेलं फावडं उचलून तिनं अंगणात भिरकावून दिलं. ते सरांच्या भिंतीवर आपटून चिखलात रुतलं. "मेला तो कोरोना!" ती किंचाळली. "गेला तरी तुमाला नवीन कायतरी गावतंच! शेवाळ हाय, लेप्टो हाय, उद्या म्हणाल ऊन हाय! मला घराबाहेर काढताना बरे पाय चालले जिना उतरून कडी लावायला!"

अलीशबा तिला धरायला धावली. शेजारचे हात थांबले. रऊफ खुर्चीतून उठला. उठला म्हणजे दोन्ही हातांनी कठडा धरून, अंग वर ओढून उठला. एक पायरी उतरला. दुसऱ्या पायरीवर थांबला आणि परत बसला.

"अम्मी, अब्बांना आत ने," अलीशबा हळूच म्हणाली.

वरच्या खोलीत दार लोटून घेतल्यावर रऊफ जमिनीकडे बघत म्हणाला, "भीती व्हती गो. खोटी नव्हती. मुसैबचा तो व्हिडिओ माज्या डोळ्यांसमोरनं जाईना. तुला बाहेर ठेवली तेव्हा मी खिडकीखाली बसून रडलो, ते तुला कसं म्हाईत असणार? पण ती भीती कधीच गेली. दुसऱ्या डोसनंतर गेली."

"मग?"

"तू दुपारची निजली व्हतीस. म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. तुला दाखवतो. दोन घरं ओलांडली आणि मांड्या थरथराय लागल्या. कोणाच्यातरी पायरीवर बसलो. एक पोरगं आलं, म्हणतं, चाचा, घरी सोडू काय? दोन घरं, खतीजा! मी काय मुंबईला गेलो व्हतो?"

"मला का नाय सांगितलं?"

"काय सांगू? कोरोनाला भितो म्हटलं तर लोक समजून घेतात. हसतात, पण समजून घेतात. पाय गेले म्हटलं तर कोण समजून घेईल? वर्षभर मीच बसून र्‍हायलो. कोणी बांधलं व्हतं मला?"

खतीजाला वाटलं होतं, खरं कळलं की राग निवेल. तो निवला नाही. उलट आता तो कुठं ठेवायचा हेच तिला कळेना. इतके महिने ती एका भीतीशी भांडत होती. ती भीती केव्हाच गेली होती, आणि जे उरलं होतं त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. सुकलेल्या पायांवर ओरडायचं तरी कसं? ती नवऱ्याशेजारी पलंगावर बसली. हाताला चिखल होता म्हणून त्याला हात लावला नाही. "सांगायला हवं व्हतं," एवढंच पुन्हा म्हणाली आणि खाली जाऊन चिखल ओढायला लागली.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, बसून बसून स्नायू गेलेत, शुगरनं पायांच्या नसाही धरल्यात. गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही, पण काही येईल. खिडकीचे गज धरून खुर्चीतून उठायचं, बसायचं. असं रोज. रऊफनं ते कुरकुरत केलं. खतीजा समोर उभी राहून करवून घ्यायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. घराचा वास जायला दिवाळी उजाडली. तोवर तो जिना धरून उतरायला लागला.

मग प्रश्न आला काठीचा. काठी नको म्हणाला. मोहल्ल्यात काठी घेऊन फिरणार नाही, मग भले घरात मरेन. शेवटी त्यानं स्वतःच तोड काढली. लांब दांड्याची काळी छत्री घेऊन निघाला. पौषातल्या स्वच्छ सकाळी, आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि रऊफभाय छत्री टेकत चाललेत. दूधवाल्यानं विचारलंच, "चाचा, पाऊस हाय काय आज?"

"उन्हाला हाय," रऊफ म्हणाला. सूर्य उगवायचा होता.

पहिले काही दिवस मशिदीच्या कोपऱ्यापर्यंतच मजल गेली. तिथं बंद दुकानाच्या पायरीवर तो बसायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "तू जा पुढं." ती जायची. सुनीतीताईंबरोबर भराभरा चालून यायची, येताना त्याला उठवायची. वाटेत बोलणं असं व्हायचं नाही. चालायचं तर त्याला बोलायला दम पुरत नसे, आणि बोलायचं तर थांबावं लागे. सुनीतीताई एकदा म्हणाल्या, "होईल हो हळूहळू, सुरुवात तर झाली." खतीजाला हळूहळूचा कंटाळा आला होता. ज्यांची वर्षं वाया जात नाहीत त्यांनी हळूहळू म्हणावं.

उन्हाळ्याच्या तोंडावर रिपोर्ट काढला. शुगर जिथल्या तिथं. इंजेक्शन सुटणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी रऊफ उठेना. "काय फायदा गो? आकडा तर तोच हाय."

खतीजानं त्याच्या अंगावरची चादर ओढली. "आकड्यासाठी नाय चालायचं. मला कंटाळा आलाय एकटीला. उठा."

तो उठला. बडबडत, पायांना शिव्या देत, चपलेत पाय नीट जाईना म्हणून तिच्यावर खेकसत उठला. कोपऱ्यावर आल्यावर सवयीनं पायरीकडे वळला, तर दुकानदारानं त्या दिवशी लवकर शटर उघडून पायरीवर कांद्याच्या गोणी रचून ठेवलेल्या. बसायला जागाच नाही. रऊफनं इकडं-तिकडं पाहिलं. पुढचा ओटा चार दुकानं सोडून, बेकरीचा.

"परत जाऊया," तो म्हणाला.

"परत जायचं तर घर त्याहून लांब हाय."

रऊफनं मागे पाहिलं, पुढं पाहिलं, दोन्हीकडचं अंतर जोखलं आणि गोण्या रचणाऱ्या माणसाला मनापासून एक शिवी दिली. मग छत्री पुढं टेकली. खतीजा त्याच्या डाव्या बाजूला झाली आणि आपला हात त्याच्या कोपराखाली धरला, पडला तर सावरता येईल इतक्या जवळ.

"हात लावू नको," तो धापा टाकत म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. तुमी ओट्याकडं बघा."